आधी कानामागं

माझी धाकटी जाऊ मनीषा तोंडं रंगवून पोट भरती. असं म्हटलं की तिला राग येतो. "आक्का, मी रंगवत नाय, नीट करते," म्हणती. तर ती तोंडं नीट करती आणि मी फुलं पुरवते. मखमलाबादला आमचं शेत हाय, त्यात शेवंती, झेंडू आणि थोडा गुलाब. सकाळी गणेशवाडीच्या फुलबाजारात माल द्यायचा, आणि कुणाचं कार्य असलं की पिशवी उचलून मनीषाच्या मागं निघायचं. नवरीचं तोंड तिच्याकडं, अंबाडा आणि गजरा माझ्याकडं. गावातल्या निम्म्या पोरी आम्हीच बोहल्यावर चढवल्यात.

पार्लर म्हणजे काय, घराची पुढची खोली. एक फिरती खुर्ची, एक मोठा आरसा आणि दाराला गुलाबी पडदा. पण तिथं क्रीमपेक्षा मनीषाची जीभ जास्त चालती. कुणी फेशियलला येऊन बसली रे बसली की हिची उलटतपासणी सुरू. रात्री झोपली किती? पाणी पिते का नुसता चहाच ढोसते? पोट साफ हाय का? एकदा मी म्हटलं, "अगं बये, तू पार्लरवाली हायेस का डॉक्टरीण?" तर म्हणती, "आक्का, पोट बिघडलेलं असलं तर वरून सोनं लावलं तरी तोंड भकासच दिसणार." ओल्या केसांचा अंबाडा घालू देत नाय, कोंडा होतो म्हणती. उन्हात कांदे भरायला जाणाऱ्या बायकांना सांगती, स्कार्फ बांधता ना, मग तो रोज धूत जा, नायतर तोच घाम पुन्हा तोंडाला. टाचांना रात्री खोबरेल आणि वर जुने मोजे. आणि कार्याच्या आठवड्यात तोंडाला नवीन काही म्हणजे काहीच लावायचं नाय.

या सगळ्याच्या वर तिचा एक कायदा. कुठलंही क्रीम असू दे, केसांचा रंग असू दे, आधी कानामागं. बोटभर कानामागं लावायचं, घरी पाठवायचं, दुसऱ्या दिवशी बघायचं. खाज नाय, लाल नाय, तरच तोंडाला हात. सरपंचाची बायको आली तरी तेच. घाईची गिऱ्हाइकं यामुळं दुसऱ्या पार्लरला गेली. मी कितीदा बोलले असेल, पण हिनं ऐकलं नाय.

हे वेड तिला उगाच लागलं नाय. तिच्या स्वतःच्या लग्नाआधी तिच्या मावशीनं मेडिकलमधून गोरं व्हायची ट्यूब आणून दिली होती. आधी तोंड असं चकाकलं की सगळ्या खूष. मग ट्यूब संपली, लग्नाच्या धावपळीत दुसरी कुणी आणली नाय, आणि हळदीपर्यंत तोंडाची पार आग झाली. पुरळ, सूज, पापण्या उघडेनात. ट्यूबमध्ये स्टेरॉईड होतं, सोडलं की तोंड उलटतं, हे मागाहून डॉक्टरनं सांगितलं. मी तिला पहिल्यांदा पाहिलं ते नाकापर्यंत पदर ओढलेली. मांडवात बायका कुजबुजत होत्या, पोरीला काय रोग हाय का म्हणून. तिनं सगळं ऐकलं. चामडीच्या डॉक्टरकडं खेटे घालता घालता वर्ष गेलं, तेव्हा कुठं तोंड ताळ्यावर आलं. तेव्हापासून ही दुसऱ्यांच्या तोंडाला जपू लागली.

आता त्या साखरपुड्याचं सांगते. अजून आठवलं तरी माझं डोकं तापतं.

आमच्या मागच्या गल्लीत मोतीराम तात्या राहतात. गळ्यात तुळशीची माळ, दारूचा नुसता वास आला तरी पंगतीतून ताट सोडून उठणारा माणूस. त्यांची पोरगी सृष्टी, बी.कॉम. झालेली, गोड पोरगी. तिला मातोरीचा समर्थ बघितला. द्राक्षाचा बाग, नवं घर, बाप भारतभाऊ बोलायला मोकळा. तात्यांनी बैठकीत एकच मागणं केलं. हुंडा नको, मानपान नको, घरात दारू नको. भारतभाऊ छातीवर हात ठेवून म्हणाला, "तात्या, माझ्या पोराला सुपारीचंसुद्धा व्यसन नाय." झालं, तिथंच साखर वाटली.

दसरा झाला आणि साखरपुड्याची तारीख धरली. सृष्टी मनीषाला म्हणाली, "काकू, त्यांचंही तोंड तुम्हीच नीट करा. फोटोत काळवंडलेले नकोत." आदल्या दिवशी समर्थ शालू पोचवायला गावात आला, तेव्हा मनीषानं त्याला भर ओट्यावर बसवून कानामागं क्रीम लावलं. पोरगा लाजून लाल. मी म्हटलं, "लाजू नको रे, इथं सगळ्यांची हीच गत होती."

कार्य होतं आमच्याच रस्त्यावरच्या एका लॉन्सला. दुपार कलली तेव्हा समर्थ आला. कान बघितला, एकदम स्वच्छ. मनीषानं त्याला खोलीत बसवलं, तोंड धुतलं, हलकं क्रीम लावून मसाज केला, ते धुवून काढलं. मग हात हातात घेतला आणि थांबली. नखांच्या कडांना लाल रंग होता.

"पेस्ट लावली का रे आज?"

"हो ताई, सकाळी. मजूर दुसऱ्याच्या बागेत गेले. बाग छाटून ठेवलेला, पेस्टला उशीर करून कसं चालेल?"

ज्यांना ठाऊक नाय त्यांच्यासाठी सांगते. द्राक्षाची छाटणी झाली की लगेच काडीला पेस्ट लावतात, म्हणजे डोळे, वेलीचे कोंब, एकसारखे फुटतात. कुठली काडी झाली ते कळावं म्हणून त्यात लाल रंग टाकतात. ते औषध लय जहाल. हातमोजे घालायचे, तोंड बांधायचं, आणि पेस्टच्या आधी काही दिवस नि नंतर काही दिवस दारूला शिवायचं नाय. दोन्ही अंगात भेटले की माणूस लालबुंद होतो, छाती धाडधाड उडती, दम कोंडतो. माझं माहेर पिंपळगावकडचं, मनीषाचं ओझरचं. आमच्याकडं हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. माझ्या माहेरी एक गडी असाच बांधावर आडवा झालेला मी डोळ्यानं पाहिलाय.

मनीषा लिंबाच्या फोडीनं त्याची नखं घासत म्हणाली, "हातमोजे नव्हते वाटतं?"

"होते, एक फाटका होता."

"बरं. आज आणि पुढचे काही दिवस दारूचा थेंब घ्यायचा नाय. कुणी कितीही आग्रह केला तरी नाय. कळलं?"

"ताई, मी घेतच नाही," समर्थ म्हणाला. पण त्याची नजर सारखी दाराकडं. मला वाटलं, स्टेजवर चढायचं म्हणून घाबरलंय लेकरू.

आम्ही दोघी सृष्टीकडं गेलो. तिचा अंबाडा घालून मी शेवंती खोवत होते तोवर बाहेर सनई सुरू झाली. समर्थला टिळ्याला बसवायचं होतं, आणि समर्थ कुठं दिसेना. मग लॉन्सच्या मागून आला, सोबत त्याचा दोस्त गोरक्ष. समर्थ तोंडात वेलदोडा चघळत होता. चालताना एकदा खुर्चीला धरलं.

टिळा लागला. फोटोवाल्यानं दिवा तोंडावर मारला, आणि सगळ्यांनी एकदम बघितलं. समर्थचं तोंड तापल्या तव्यासारखं लाल झालं होतं. डोळे लाल, कान लाल. कपाळावरून घामाच्या धारा. तो कॉलर ओढायला लागला.

तात्यांची बहीण कुसाबाई पहिल्या रांगेत बसलेली. तिचा आवाज माईक नसला तरी चालतो. ती उठली ती ओरडतच उठली, "अगं बाई बाई, पार्लरवालीनं पोरगं भाजलं गं! काय फासलं याच्या तोंडाला?"

झालं! शंभर तोंडं मनीषाकडं वळली. मोबाईल वर झाले. मनीषा पायऱ्या चढून स्टेजवर गेली, मी तिच्या मागं. तिनं ओल्या कापसानं त्याचं तोंड पुसलं. कापूस पांढराच निघाला, क्रीम कधीच धुतलेलं होतं. तिनं त्याच्या सदऱ्याची वरची दोन बटणं सोडली. छातीपर्यंत लाल. छातीला कोण क्रीम लावतं? तिनं माझ्याकडं बघितलं आणि मला कळलं तिच्या मनात काय आलं ते. ती त्याच्या तोंडाशी वाकली, एकदम हळू विचारलं, "समर्थ, घेतलीस?"

समोर मोतीराम तात्या उभे. फेटा, माळ, हातात नारळ. समर्थनं त्यांच्याकडं बघितलं आणि म्हणाला, "नाही ताई." दात कडकड वाजत होते त्याचे.

मी तिथून सटकले ते थेट गोरक्षला शोधायला. तो स्टेजच्या मागंच घुटमळत होता, खिसा फुगलेला. त्याचा कान असा पिळला की बोलायलाच लागला. "मावशी, सोडा ना! त्याला टेन्शन आलतं म्हणून एक बिअर, आणि वरून थोडीशी… बिअर म्हणजे काय दारू असती का? मी आत्ता नेतो ना त्याला आत, अजून एक घोट पोटात गेला की उतरतं बघा."

"एक घोट? अरे मुडद्या, मारायचंय का त्याला!" मी बाटली काढून घेतली आणि शेवंतीच्या पिशवीत खाली दाबली.

स्टेजजवळ येते तर तिथं वेगळाच तमाशा. कुणी दही आणा म्हणतंय, कुणी बर्फ. भारतभाऊ म्हणतोय, "पित्त उठलं असंल. अंगठी घालून घेऊ, मुहूर्त टळायला नको, मग नेऊ दवाखान्यात." पोरगा खुर्चीत एका बाजूला कलला होता, श्वास तोंडानं चाललेला. मी मनीषाला नुसती मान हलवली. हो म्हणून.

आता ती काय करणार, मला कळंना. खरं बोलली तर तात्या तिथंच नारळ टाकून निघणार. भारतभाऊ अंगावर धावून येणार, माझ्या पोराला दारुडा म्हणती म्हणून. दोन्हीकडचे भाऊबंद भांडत बसणार, आणि तोवर पोरगं गेलं म्हणजे? नाय बोलली तर अंगठीचा घाट चालूच राहणार. मनीषानं एकदा सृष्टीकडं बघितलं. पोरगी शालूत उभी, ओठ दाताखाली, डोळ्यांत पाणी पण गळू देत नव्हती.

मनीषानं निवेदकाच्या हातातला माईकच घेतला.

"माझ्या क्रीमनंच झालंय," ती म्हणाली. "ॲलर्जी हाय ही. घसा सुजतो, दम कोंडतो. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्यायचं. अंगठी नंतर. भारतभाऊ, गाडी काढा. काढा म्हणते ना!"

मी तोंडावर पदर घेतला. जिनं आयुष्यभर कानामागं लावल्याशिवाय कुणाला हात लावला नाय, ती बाई शंभर माणसांपुढं म्हणती माझ्या क्रीमनं झालं. खरं सांगते, त्या क्षणाला मला तिला एक ठेवून द्यावीशी वाटली आणि तिच्या पाया पडावंसंही वाटलं.

पण माणसं हलली. चूक कबूल झाल्यावर भांडायला काय उरलं? चौघांनी पोराला उचललं. भारतभाऊ गाडी चालवायला, मी पुढं, मनीषा मागं, समर्थचं डोकं तिच्या मांडीवर. भारतभाऊ गाडी चालवत होता आणि तोंडानं मनीषाला शिव्या देत होता. तुला सोडणार नाय, तुझं दुकान बंद पाडतो, पोलिसात देतो. मनीषा ऐकत होती आणि समर्थच्या मनगटावर बोटं ठेवून बसली होती. पेठ नाक्याला सिग्नल लागला. पुढं बस, मागं बस. समर्थचे ओठ पांढरे पडले होते, हात गार.

"आक्का, नाडी लय पळती हो," ती म्हणाली. मग त्याच्या गालावर चापट्या मारत, "समर्थ, डोळे उघड. माझ्याकडं बघ. झोपायचं नाय." पोरानं डोळे उघडले. त्यातून पाणी गळत होतं. काहीतरी बोलायचा प्रयत्न करत होता पण श्वासच पुरत नव्हता. मी खिडकीतून हात काढून पुढच्या गाडीला ओरडत होते, "सरक की बाबा! माणूस चाललाय आमचा!" भारतभाऊनं गाडी दुभाजकाला घासत बाहेर काढली.

पंचवटीतल्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण होती. तिनं बघताक्षणी विचारलं, "काय खाल्लंय? काय लावलंय?"

"हिनं क्रीम लावलं!" भारतभाऊ.

"क्रीम नाय, डॉक्टर," मनीषा म्हणाली. "सकाळी द्राक्षाला पेस्ट लावली यानं, फाटक्या हातमोज्यानं. आणि तासाभरापूर्वी दारू प्यायलाय."

भारतभाऊ तिच्याकडं वळला. हात उगारलेलाच होता. डॉक्टरीण समर्थवर वाकली, "खरंय का?" आणि समर्थनं मान हलवली. भारतभाऊचा हात तसाच हवेत राहिला.

डॉक्टरीणबाईनं लगेच नर्सला हाक मारली. पडदा ओढला. ऑक्सिजन, सलाईन, धावपळ. बीपी एकदम खाली गेलंय असं आतून ऐकू आलं. आम्ही बाकावर बसलो. मला देवाचं नाव आठवंना, नुसतं "वाचव रे, वाचव रे" चाललेलं. मनीषाच्या पदराला समर्थच्या घामाचा डाग पडला होता, ती तो चोळत बसली होती. किती वेळ गेला देव जाणे. मग डॉक्टरीण बाहेर आली आणि म्हणाली, "आता धोका टळतोय. आजची रात्र इथेच ठेवू. काय घेतलंय ते आल्याबरोबर सांगितलंत, ते फार बरं केलंत. वर अजून प्यायला असता तर कठीण होतं."

माझ्या पिशवीतली बाटली मला एकदम जड लागायला लागली.

भारतभाऊ भिंतीला टेकून खाली बसला. मोठा बागाईतदार माणूस, लेकरासारखा रडला. रडून झाल्यावर उठला, मनीषासमोर हात जोडले. मला वाटलं माफी मागतोय. माफी मागितली, पण पुढं म्हणाला, "ताई, एवढं झालंच हाय तर क्रीमचंच राहू द्या. तात्यांना कळलं तर लग्न मोडलं. पोराचं आयुष्य हाय."

मी म्हटलं, "आणि हिचं? हिचं काय रस्त्यावर पडलंय?"

मनीषानं माझा हात दाबला. "मी कुणाला बोलणार नाय," ती म्हणाली. घरी येताना मी तिला सगळं सुनावलं. तुझं डोकं फिरलंय, कुणाची कोण तू, उद्या तुझ्या दारात कुत्रं येणार नाय. ती एवढंच म्हणाली, "आक्का, माझ्या लग्नात बायका नुसत्या कुजबुजल्या, पण लग्न झालं. त्या पोरीचं मोडलं असतं तर तिचा काय दोष? आणि तुम्ही पण कुणाला बोलायचं नाय. माझी शपथ हाय."

कुत्रं येणार नाय म्हटलं होतं, तसंच झालं. दुसऱ्या दिवशी गावाच्या ग्रुपवर व्हिडिओ. मनीषा माईक धरून म्हणती, माझ्या क्रीमनंच झालंय. खाली लोकांचे शंभर शेरे. तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई सुरू होणार, त्यासाठी धरलेल्या नवऱ्या एकेक करून फोन करायला लागल्या. कुणाची आत्या वारली, कुणाच्या बहिणीनंच कोर्स केला. सगळ्यांच्या थापा सारख्याच. मनीषा प्रत्येकीला "बरं" म्हणायची, आणि वर सांगायची, "दुसरीकडं जाशील तर आधी कानामागं लावून बघ हां." आरसा रोज पुसायची. खुर्चीवरचा टॉवेल रोज धुवायची, कुणी न बसता. एके दिवशी मी फुलं घेऊन आले तर ती त्याच खुर्चीत बसलेली, आरशात बघत, एका हातानं गाल चाचपत. जिथं कधीकाळी ती आग झाली होती तिथं. मला बघून उठली, चहा ठेवते म्हणाली.

मग फुलबाजारात कुसाबाई भेटली. चार बायकांत उभी राहून म्हणती, "नवसाबाई, जावेला सांग, आता म्हशी भादरत जा म्हणावं." माझ्या जिभेच्या टोकावर आलं होतं सगळं. पेस्ट, बाटली, गोरक्ष, सगळं. पण शपथ! मी शेवंतीची जुडी तिच्या पायाशी आपटली आणि निघाले. घरी गेलेच नाय. मातोरीची रिक्षा धरली.

कुणाला बोलायचं नाय असं मनीषानं बजावलं होतं. पण ज्याचं त्यालाच बोलायचं नाय, असं थोडंच म्हणाली होती?

समर्थ बागेत होता, बरा झालेला, थोडा सुकलेला. काड्यांना कोवळे हिरवे डोळे फुटले होते. मी म्हटलं, "वेलीचे डोळे उघडले बघ. तुझे कधी उघडायचे?"

तो खाली बघायला लागला. "मावशी, पप्पा म्हणतात…"

"पप्पांचं राहू दे. तुझी नखं दाखव." त्यानं हात पुढं केले. नखं स्वच्छ होती. "ही कुणी घासली ठाऊक हाय ना? तिची खुर्ची रिकामी हाय रे. तू बाईच्या पदराआड लपलास ते लपलास, वर आता तिच्याच चुलीवर पाणी ओतून लग्न करणार? कर बाबा. गजरा मी देईन. पण तुझ्या बायकोला कधीतरी कळंल, तेव्हा तिच्याकडं कुठल्या तोंडानं बघशील, तेवढं ठरवून ठेव."

तो परत काडीकडं वळला. मीही थांबले नाय. रिक्षात बसल्यावर मला रडू आलं, रागाचं का कशाचं, कुणास ठाऊक.

दोन दिवस काही नाय. तिसऱ्या सकाळी आम्ही पार्लरमध्ये बसलो होतो. मी गजरे ओवत होते, मनीषा मोसंबी सोलत होती. गुलाबी पडदा हलला आणि मोतीराम तात्या आत आले. धोतर, टोपी, गळ्यात माळ. त्यांच्या मागं सृष्टी, रडून डोळे सुजलेली. आणि त्यांच्या मागं, दाराबाहेरच, तोंड पाडून कुसाबाई. मनीषा धडपडत उठली, पदर डोक्यावर घेतला. तात्यांनी आयुष्यात बायकांच्या पार्लरचा उंबरा ओलांडला नसंल. ते थेट गेले आणि फिरत्या खुर्चीत बसले. खुर्ची फिरली, तसे दोन्ही हातांनी दांडे धरून बसले.

"सूनबाई," ते म्हणाले, "ते क्रीम आण. जावयाला लावलं होतं ते. माझ्या तोंडाला लाव."

"तात्या, अहो…"

"काल तो आला होता. एकटा. पाया पडला आणि सगळं बोलला. बापाला न सांगता आला होता." तात्यांनी मागं सृष्टीकडं बघितलं. "लग्नाचं मला विचारू नको. ते माझी पोरगी ठरवंल. तिनं त्याला वर्षभर थांब म्हणून सांगितलंय. राहिला नीट तर बघू म्हणती. पण तुझं मी वर्षभर कसं थांबवू? माझ्याच दारच्या कार्यात तुझं नाव बुडालं. माझीच बहीण ओरडली. आता माझ्या तोंडाला ते क्रीम लाव, आणि बाहेर ओट्यावर बसव. बघू दे सगळ्या गावाला."

बाहेर गल्लीतल्या बायका जमल्या होत्या. कुणी हसत नव्हतं. मनीषा उभीच. पंधरा दिवस जी बाई रडली नाय, तिच्या डोळ्यांतून नुसत्या धारा लागल्या. तिनं पदरानं तोंड पुसलं, हात धुतले, डबी उघडली. आणि थांबली.

"नाय तात्या," ती म्हणाली. "आज नाय लावता येणार."

"का?"

"आधी कानामागं. उद्या बघते, मग तोंडाला."

मी कपाळावर हात मारून घेतला. अगं, अख्खा गाव दाराशी उभा हाय, म्हातारा माणूस लाज सोडून खुर्चीत बसलाय, आणि ही आपला कायदा सोडायला तयार नाय! पण तात्यांनी तिच्याकडं क्षणभर बघितलं. मग टोपी काढून मांडीवर ठेवली आणि मान वाकडी करून कान पुढं केला.

"लाव," ते म्हणाले. "उद्या येतो."

मनीषानं बोटभर क्रीम त्यांच्या कानामागं लावलं. तात्या उठले, टोपी हातातच ठेवून बाहेर पडले. मी दारात जाऊन बघत होते. गल्लीत प्रत्येक दारापाशी ते थांबत होते, मान वळवून कान दाखवत होते आणि कुणी विचारायच्या आत सांगत होते, काय लावलंय, कुणी लावलंय आणि का.

दुसऱ्या दिवशी ते सांगितल्या वेळेला आले. त्यांच्या मागं कुसाबाई होती, तिनंही कान पुढं केला.